टू-स्ट्रोक ट्रायल्स बाइकची देखभाल: सुरुवात एअर फिल्टरपासून

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकवता अडथळे पार करण्याचा मोटरसायकलचा खेळ. त्याची बाइक दगडांवरून, ओढ्यातून, माणसाच्या चालीने जाते. इंजिन बहुतेक वेळ कमी आरपीएमवर फिरतं. म्हणून तिची बहुतेक दुखणी चिखल, पाणी आणि न जळलेल्या ऑइलमधून येतात, आणि देखभालीचा क्रमही त्यावरूनच ठरवावा.

सगळ्यात आधी एअर फिल्टर. टू-स्ट्रोकमध्ये हवा क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, सिलिंडरमध्ये जाते. आत शिरलेली धूळ क्रँकचे बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा सगळंच खाते. चिखलात किंवा धुळीत बाइक चालवली की प्रत्येक वेळी फोम बाहेर काढा. फिल्टर क्लीनरने मळ सुटला की कोमट साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवा. पिळा घालू नका, जोड उसवतात. पेट्रोल तर नकोच, जोडाचा डिंक विरघळतो. पूर्ण वाळल्यावरच फिल्टर ऑइल लावा, सगळीकडे सारखं मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा. फिल्टर जिथे टेकतो त्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. एअरबॉक्समध्ये पाण्याचा फवारा कधीही मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता पेट्रोल-ऑइलचं प्रमाण. आजच्या बऱ्याच बाइकना चांगलं सिंथेटिक ऑइल 70:1 (70 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) ते 80:1 चालतं, जुन्यांना अनेकदा 50:1 लागतं. आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा. 5 लिटर पेट्रोलला 80:1 म्हणजे 62.5 मिली, 50:1 म्हणजे 100 मिली. मापाच्या भांड्याने मोजा आणि कॅनमध्येच हलवून मिसळा. ‘थोडं जास्त ऑइल घातलेलं बरं’ ही समजूत चुकीची आहे. वाढलेलं ऑइल पेट्रोलची जागा घेतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शिवाय संथ चालीत ते पुरतं जळत नाही. प्लग ओला-काळा होतो, सायलेन्सरच्या जोडातून काळं गळतं, आतलं आवाज शोषणारं पॅकिंग चिंब होऊन बाइक दबून चालते.

हीच संथ चाल पायलट जेटवर, म्हणजे कमी आरपीएमला पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या बारीक भोकाच्या जेटवर, अवलंबून असते. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमध्ये आठवडेच्या आठवडे राहिलं की त्या बारीक भोकात चिकटा साचतो. चोक बंद केल्यावर आयडलिंग टिकत नसेल तर आधी हाच जेट पाहा. तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, साधारण अर्धा लिटर, आणि त्यातच क्लच बुडालेला असतो. ट्रायल्समध्ये क्लच सतत अर्धा दाबलेला राहतो, त्यामुळे ऑइल लवकर करडं पडतं. ते बदलण्यात कंजूसपणा करू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ओढ्याचं नसेल तर वॉटर पंपाचं सील तपासा. थंड बाइकच्या क्लच प्लेटा चिकटलेल्या असतात. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, क्लच दाबा आणि बाइक पुढे-मागे ढकलून त्या सोडवा.

क्लचच्या मास्टर सिलिंडरचं (हँडलवरच्या लिव्हरजवळची द्रवाची डबी) झाकण वाचल्याशिवाय त्यात काही ओतू नका. काहींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट 4 ब्रेक फ्लुइड. अदलाबदल झाली तर रबरी सील फुगतात.

संथ चालीत रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन तापल्यावर तो आपोआप सुरू होतो का, हे दर वेळी ऐका. जाळीतला चिखल हलक्या धारेने धुवा. जोरदार झोताने पाती वाकतात.

टायरमध्ये मागे 4 ते 5 पीएसआय, पुढे थोडी जास्त. त्यासाठी कमी दाबाचा गेज हवा, नेहमीच्या गेजवर एवढा फरक कळत नाही.

मागच्या सस्पेन्शनची लिंकेज (चाक आणि शॉक-अब्सॉर्बर जोडणारे सांधे) इंजिनाच्या मागे खाली, पाण्या-चिखलात असते आणि म्हणूनच विसरली जाते. वर्षातून निदान एकदा ती खोला, नीडल बेअरिंग स्वच्छ करा, वॉटरप्रूफ ग्रीस भरा. मागचं चाक वर उचलून हलवल्यावर खडखड जाणवली, तर बेअरिंग आधीच गेलेले आहेत.