कचऱ्याच्या पिशव्या लायब्ररीत मिळतात

लंडनला येऊन मला आता नऊ वर्षं होतील, पण लायब्ररीत कचऱ्याच्या पिशव्या मिळतात हे कळायला त्यातली तीन गेली. म्हणजे ओल्या कचऱ्याच्या छोट्या डब्यात घालायच्या त्या पातळ हिरव्या पिशव्या. आमची कौन्सिल (म्हणजे इथली महापालिका) त्या फुकट देते आणि संपल्या की लायब्ररीच्या काउंटरवर जाऊन रोल मागायचा. पहिल्यांदा मागताना मला इतकं ऑकवर्ड झालं ना, मी नाशिकची, सावानात (म्हणजे तिथलं सार्वजनिक वाचनालय) वाढलेली, वाचनालय म्हणजे चप्पल वाजली तरी लोक मान वर करून बघणार, आणि इथे सरस्वतीच्या देवळात जाऊन झाडू मागितल्यासारखं. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, एक देऊ की दोन?

मग हळूहळू लक्षात आलं की तिथे पुस्तकांसाठी येणारे एका बाजूला आणि कौन्सिलच्या कामाला येणारे एका बाजूला, कधीकधी दुसरेच जास्त. कौन्सिल टॅक्समधली सवलत, घराच्या वेटिंग लिस्टचा फॉर्म, मुलांचं शाळा अ‍ॅडमिशन, श्रवणयंत्राचे सेल, सगळं. हे काय कोणी फार विचार करून आखलं असेल असं मला वाटत नाही, झालं असं की एकेक काम ऑनलाइन गेलं आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, प्रिंटर नाही, ते सगळे जिथे दोन्ही आहेत आणि कोणी हाकलत नाही तिथे आले.

आमच्या शेजारी एक गुजराती बा राहतात. गुडघे पार गेलेत, मुलाच्या गाडीत लावायला ब्लू बॅज हवा होता (अपंग, आजारी लोकांना दाराजवळ पार्किंग मिळतं तो). त्याची फी जास्तीत जास्त दहा पाउंड पण फॉर्म असा की त्यात फोटो अपलोड करा, पुरावे अपलोड करा, आणि आधी ईमेल आयडी द्या. बांकडे ईमेल आयडी कुठला! लायब्ररीत मदतीचा अर्ध्या तासाचा स्लॉट मिळतो तो घेतला, बा मधे, एका बाजूला मी, एका बाजूला तिथली मुलगी, अर्ध्या तासाचा तास झाला, बांनी पासवर्ड म्हणून नातवाचं नाव मोठ्याने सांगितलं तेव्हा पलीकडचे दोघं हसायला लागले. पण बॅज आला. आणि बा आता दर गुरुवारी तिथे विणकामाच्या ग्रुपला जातात, मला विचारतही नाहीत.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. कौन्सिलच्या ऑफिसात शिरणारा माणूस काहीतरी मागायला आलाय हे दारातच कळतं, टोकन घ्या, बसा, नंबर येईल. लायब्ररीत शिरणाऱ्याकडे बघून काहीच कळत नाही. पेपर वाचायला आला असेल, थंडी वाजते म्हणून आला असेल, घरभाडं थकलंय म्हणून आला असेल.

हे ठरवून केलेलं बघायचं असेल तर पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्समध्ये जा. तिथे १९९० च्या दशकाच्या शेवटी कौन्सिलने लोकांनाच विचारलं की लायब्ररीत का येत नाही, आणि मग जुन्या इमारतींच्या जागी 'आयडिया स्टोअर' काढली, पहिलं बो भागात २००२ मध्ये, व्हाइटचॅपलचं २००५ मध्ये. नाव ऐकून मला मोबाइलचं दुकान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. व्हाइटचॅपलचं तर बाजाराच्या रस्त्यावरच, भाजीच्या गाड्यांना लागून, काचा निळ्या-हिरव्या, स्टॉलच्या ताडपत्र्यांसारख्या. आत पुस्तकं, कॅफे, मोठ्यांचे क्लासेस. २०१३ मध्ये वॉटनी मार्केटला उघडलं त्यात तर कौन्सिलचं काउंटरही आतच. भाजी घेता घेता काम उरका.

आता दुसरी बाजू. इथे १९६४ चा कायदा आहे, लायब्ररी चालवणं कौन्सिलला बंधनकारक आहे. पण २०१० नंतर सरकारने कौन्सिलांचे पैसे आवळले आणि शेकडो लायब्रऱ्या बंद पडल्या नाहीतर व्हॉलंटिअरांच्या गळ्यात आल्या. मग 'कम्युनिटी हब' (म्हणजे लायब्ररीतच कौन्सिलची बाकीची कामं) हा शब्द ऐकला की मी आधी बघते, माणसं वाढवलीत की फक्त पाटी बदललीय? कारण दोन ऑफिसं बंद करून त्यांचं काम लायब्ररीत ढकललं आणि लायब्ररीतली दोन माणसं कमी केली, यालाही हबच म्हणतात. पुस्तकं सांभाळणाऱ्या बाईसमोर उद्या घरातून काढलेलं कुटुंब येऊन उभं राहिलं तर तिने काय करायचं, तिला ते ट्रेनिंग कोणी दिलंय?

नाशिकला भावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मग आपल्याकडे पण करा की, जन्माचे दाखले वाचनालयात. बोलायला सोपं आहे. इथे लायब्ररी कौन्सिलचीच असते म्हणून कौन्सिल आत टेबल टाकू शकते. आपली बहुतेक वाचनालयं संस्थांची, १९६७ च्या कायद्याने शासनमान्य, अ ब क ड वर्गानुसार अनुदान घेणारी, महापालिकेचा त्यांच्याशी रोजचा संबंध नाही. सावाना तर १८४० ची, महापालिकेपेक्षा कितीतरी जुनी! आणि ड वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला किती पडतं ते एकदा विचारून बघा, मग त्याला म्हणा की आता उत्पन्नाच्या दाखल्याचे फॉर्म पण भरून दे. तरी गावात सेतूबाहेर उन्हात उभी असलेली रांग आणि समोर वाचनालयात रिकामा पंखा फिरतोय हे मी पाहिलंय. त्या पंख्याखाली एक कॉम्प्युटर आणि एक पगारी माणूस बसवायला काय हरकत आहे.

मागच्या आठवड्यात पिशव्या संपल्या म्हणून गेले तर काउंटरवर कोणीच नाही. पुस्तकं मशीनवर परत करा, पिशव्या टोपलीतून स्वतः घ्या, अशी चिठ्ठी. मी दोन रोल घेतले. मशीनसमोर एक आजोबा कौन्सिलचं पत्र हातात धरून उभे होते, मला विचारलं, तू इथे काम करतेस का. नाही म्हटलं, पण दाखवा पत्र.