मागचे लायनर नवे कोरे निघाले

रविवार, रात्रीचे साडेदहा

हात तीनदा धुतले तरी ब्रेक ऑइलचा वास जात नाहीये.

सकाळी काम एवढंच ठरलं होतं: पिकअपच्या मागच्या डाव्या पाट्याचे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचे, बुश बदलायचे. खड्ड्यातून जाताना तिथून कर्र कर्र आवाज यायचा. टोमॅटोचा तोडा आठ दिवसांवर आलाय. मग नारायणगावच्या बाजारात रोजची फेरी सुरू होणार, म्हणून मिस्त्रींना घरीच बोलावलं. दोन तासांचं काम. दुपारी जेवूनच जा, असं आईने त्यांना आल्या आल्या सांगून ठेवलं.

गाडी जॅकवर घेतली, चासीखाली लाकडी ठोकळे लावले, चाक काढलं. "चाक निघालंच आहे तर ड्रमही उघडून बघू," मिस्त्री म्हणाले. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा, हलेना. चहूबाजूंनी हातोडीने ठोकत अर्ध्या तासाने तो सुटला. आत डोकावून मला बरं वाटलं. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर जाडजूड, चार वर्षांपूर्वी टाकले तेव्हा होते तसेच. म्हटलं, "चला, हा खर्च तरी वाचला."

मिस्त्री काही बोलले नाहीत. मला केबिनमध्ये पाठवून म्हणाले, "हळूच ब्रेक दाब." दाबला. "दाबलास का?" "दाबलाय." "परत दाब." मग त्यांनी मला खाली बोलावून टॉर्चच्या उजेडात व्हील सिलिंडर दाखवला; ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने यातले दोन पिस्टन लायनरला ड्रमवर ढकलतात. वरचं रबर फाटलेलं, आत तांबडा गंज, दोन्ही पिस्टन जागच्या जागी धरलेले. "लायनर झिजला नाही, म्हणजे तो ड्रमला लागलाच नाही. हे चाक ब्रेक मारतच नव्हतं," ते म्हणाले.

मी तिथेच मातीत बसलो.

उजवीकडचे पिस्टन मोकळे होते, पण लायनर तिथेही फारसे झिजले नव्हते. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि तिथूनच विचारलं, "हे जादा पाटे कोणी टाकले?"

आम्हीच टाकले होते. सहा वर्षांपूर्वी गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा माल भरला की मागून बसायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले. गाडी ताठ उभी राहायला लागली आणि आम्ही खूश झालो. आज कळलं की मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर वजन नसतं, म्हणून तो मागचा ब्रेक कमी ठेवतो, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी घसरेल. माल भरला की चासी खाली बसते, दांडी सरकते आणि मागे तेलाचा दाब वाढतो. आमची चासी बसतच नव्हती. हौद्यात दीड टन माल असला तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मजबुतीसाठी आम्ही स्वतःच्या पैशाने मागचा ब्रेक कमी करून घेतला होता. ही गोष्ट मला रात्री झोपू देणार नाही.

आणि मग माळशेज आठवला. दोन वर्षांपूर्वी कल्याणला माल घेऊन घाट उतरताना एका वळणावर ब्रेकचा पेडल अचानक मऊ पडला, पार खाली गेला. दादाने पटापट पंप मारून, गिअर पाडून गाडी कडेला घेतली. वीस मिनिटं थांबलो, चहा घेतला, ब्रेक पुन्हा लागायला लागला आणि निघालो. त्यावर नंतर कोणी बोललंच नाही. आज मिस्त्रींनी टाकीतलं ब्रेक ऑइल बाटलीत काढलं, चहासारखं काळपट. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरतो. ब्रेकचा सगळा भार पुढच्या दोन चाकांवर, ती तापली, तेलाची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, तिने ब्रेक लागत नाही. थंड झाल्यावर वाफेचं परत तेल झालं, म्हणून आम्हाला वाटलं, बरं झालं.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आम्ही फक्त कमी झालं की वरून टाकत होतो.

पाटा चासीला टांगणाऱ्या पुढच्या हँगरजवळ चासीचा रंग फुगलेला होता. मिस्त्रींनी छन्नीने टोकरलं तर काळ्या रंगाखालून खड्डे बुजवायची पांढरी लांबी (पुट्टी) निघाली, लांबीखाली गंज आणि गंजाखाली बोटभर तडा. गाडी घेतली तेव्हाचा तो चकचकीत रंग. नुसती वेल्डिंग मारली तर शेजारून पुन्हा तडा जाईल, आतून प्लेट लावावी लागेल. म्हणजे गाडी गॅरेजला न्यायची, तीही टो करून. स्टेपनीवर ०९१२ लिहिलंय, २०१२ सालचा नववा आठवडा. हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळलेली.

पासिंग दरवर्षी वेळेवर केलं. दसऱ्याला झेंडूचा हार घातला. रिकामी गाडी कुठेही जागेवर उभी राहायची, म्हणून कधी शंका आली नाही. आणि याच हौद्यात आम्ही तोडणीच्या बायकांना बसवून शेतावर नेत होतो. गेल्या हंगामात एकीचं दीड वर्षाचं पोरही होतं.

दादा संध्याकाळी शेतावरून आला तो चिडूनच. तोडा तोंडावर आणि गाडी ठोकळ्यांवर. मिस्त्रींनी त्याला समजावलं नाही, नुसता टॉर्च हातात दिला. तो गाडीखाली बराच वेळ होता. बाहेर आल्यावर त्याने मुकादमाला फोन केला, बायकांसाठी जीपची सोय करतो म्हणाला. मालासाठी शेजारच्यांची गाडी सांगितली, कॅरेटमागे जे भाडं पडेल ते. जादा पाटे काढायचे, असंही त्यानेच मिस्त्रींना सांगितलं. आता फेरीला पन्नासच कॅरेट जातील.

जेवताना त्याने एकच विचारलं, "त्या दिवशी घाटात मागे किती कॅरेट होते रे?"

"ऐंशी," मी म्हटलं. "आणि पुढे आपण तिघं. अण्णा मध्ये बसले होते."

तो ताटावरून उठला. अजून बाहेर गाडीपाशीच आहे, खिडकीतून टॉर्चचा उजेड दिसतोय.