कागदासाठी घडवलेली गोळी

दिवाळीत अमेरिकेहून नाशिकला आलो की एक सकाळ मी नेमबाजीच्या रेंजवर घालवतो. अकरावीत असताना जिथे पहिल्यांदा एअर रायफल खांद्याला लावली, तिथे आता नवी मुलं उभी असतात. यंदा त्यातल्याच एका मुलीने विचारलं, "दादा, तिकडे लोक खरंच शिकारीला जातात ना? मग ते मॅचच्याच गोळ्या वापरत असतील. सगळ्यात अचूक त्याच असतात."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कोलोरॅडोतल्या पहिल्या हिवाळ्यापर्यंत माझंही हेच मत होतं, आणि ते बदललं तो दिवस चांगला नव्हता.

तिच्या हातात छर्‍यांची डबी होती. त्यातला एक मी तळहातावर घेतला. 4.5 मिलिमीटर जाडीचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कमरेला बारीक आणि तोंडाला सपाट. तोंड सपाट का, हे आम्हाला सरांनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. गोल टोकाचा छर्रा कागद फाडत जातो, भोकाची कड झिरमिळ्यांची होते आणि गुण मोजताना वाद होतात. सपाट तोंडाचा छर्रा कागदाला पंचसारखं गोल भोक पाडतो. दहा मीटर रायफलमध्ये दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे भोकाची कड स्वच्छच लागते. म्हणजे हा छर्रा घडवला आहे तो कागदासाठी. कागदाला टेकला की त्याचं काम संपलं.

नाशिकमध्ये नेमबाजी शिकायची म्हणजे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांचं नाव निघतंच. 2017 मध्ये ते गेले, पण श्वास आणि मन स्थिर ठेवण्याबद्दल त्यांनी जे रुजवलं ते इथल्या पोरांच्या बोलण्यात अजून ऐकू येतं. त्या वातावरणात वाढलेल्या माझ्यासारख्याला वाटायचं की सगळं काही नेमावर आहे. नेम चुकला नाही की पुढचं आपोआप नीट होणार.

कोलोरॅडोत माझ्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मीही मारतो, पण मनात मात्र त्यांना काकाच म्हणतो. दरवर्षी एका हरणाचा परवाना काढायचा आणि घरात वर्षभर तेच मांस खायचं, हा त्यांचा रिवाज. पहिल्या वर्षी मी नुसता सोबत गेलो होतो. ऑक्टोबर अखेरची पहाट, गवतावर कडक दव, आणि तिघांच्याही अंगात भडक केशरी जॅकेट. रायफलच्या मोसमात शिकार्‍याला तिथे असा भडक केशरी किंवा गुलाबी रंग कायद्याने घालावाच लागतो. तिसरा होता काकांचा भाचा. स्पर्धांमध्ये खेळणारा, हात अगदी स्थिर. ज्या काडतुसांवर तो स्पर्धा जिंकायचा तीच त्याने आणली होती. काकांनी ती आदल्या दिवशी पाहिली नाहीत, याची रुखरुख त्यांना अजून आहे.

सूर्य वर आल्यावर टेकडीच्या उतारावर एक म्यूल डियर उभं दिसलं. खेचरासारखे मोठे कान, म्हणून हे नाव. अंतर दीडशे मीटरच्या आसपास. भाच्याने श्वास सोडला, चाप दाबला. नेम वर्मीच होता. दुर्बिणीतून मी पाहत होतो, खांद्यावर जिथे लागायला हवी तिथेच गोळी लागली. हरीण गुडघ्यावर आलं, उठलं आणि आस्पेनच्या झाडीत घुसलं. आम्ही अर्धा तास बसून राहिलो, कारण लगेच पाठीमागे गेलं तर जखमी जनावर आणखी लांब पळतं. मग उतरलो. पानांवर थोडं रक्त. पन्नास पावलांवर दोन थेंब. नंतर काहीच नाही.

काका एक शब्द बोलले नाहीत. शेवटचा थेंब जिथे दिसला तिथे त्यांनी फांदीला केशरी फीत बांधली आणि वाकून माग काढायला लागले.

हे असं का झालं, ते मला पुढच्या शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये कळलं. काका काडतुसं स्वतः भरतात. त्यांनी भाच्याच्या डब्यातली एक गोळी भिंगाखाली धरली. 168 ग्रेनची, म्हणजे साधारण 11 ग्रॅम. शेपटाकडे निमुळती, टोकाला सुईने टोचल्यासारखं बारीक भोक. भाच्याची समजूत होती, आणि माझीही, की टोकाला भोक आहे म्हणजे ती अंगात शिरल्यावर फुलणारच. शिकारीच्या काही गोळ्यांना तसं भोक असतंही.

पण मॅचच्या गोळीतलं भोक फुलण्यासाठी नसतंच. तांब्याच्या मिश्रधातूची छोटी वाटी घेतात, तिच्यात शिसं भरतात आणि उघडी कड टोकाकडे दाबत आणतात. बूड एकसंध, बंद राहतं आणि टोकाला थोडी फट उरते. गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा मागून रेटणारा वायू बुडाच्या कडेने सुटतो. बूड जराही वाकडं असेल तर गोळी तिथेच कलते. म्हणून सगळी काळजी बुडाची, टोकाकडे घडणीची फक्त खूण राहते. आवरण पातळ आणि सगळीकडे सारखं, आत मऊ शिसं, आणि दोन्हींना धरून ठेवणारं काहीच नाही. हवेतून सरळ जायला ते उत्तम आहे. हाडावर आपटल्यावर त्याचं काय होईल, याचा विचार घडवणार्‍याने केलेलाच नसतो.

काकांनी रात्रभर भिजवलेली वर्तमानपत्रं खोक्यात घट्ट बसवून ठेवली होती. शंभर यार्डांवरून तीन मॅचच्या गोळ्या मारल्या आणि गठ्ठा एकेक पान उलगडत गेलो. पहिल्या दोन वीतभर जायच्या आधीच फुटल्या होत्या; चिकट लगद्यात तांब्याचे कुरतडल्यासारखे तुकडे आणि शिशाची करडी भुकटी. तिसरी न फुलता खोलवर गेली होती आणि मध्येच आडवी झाली होती. मग शिकारीची गोळी, जिच्यात गाभा आवरणाला जोडलेला असतो. ती सरळ दीड हात आत सापडली. पुढचा भाग पाकळ्यांसारखा मागे वळलेला, जाडी जवळजवळ दुप्पट, मागचा दांडा शाबूत. काट्यावर ठेवली तर वजन फारसं घटलेलं नव्हतं. ती पाकळ्यांची गोळी माझ्या टेबलावर आहे.

हा शोध काही नवा नाही. अमेरिकेतल्या जॉन नोस्लर यांना 1946 मध्ये कॅनडात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीत हाच अनुभव आला: गोळ्या जाड कातड्यावर फुटायच्या, आत जायच्या नाहीत. त्यांनी गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा आत जात राहतो.

कोलोरॅडोचा नियमही स्पष्ट आहे. मोठ्या जनावरासाठी फुलणारीच गोळी हवी. हरणासाठी किमान 70 ग्रेन, त्याहून मोठ्या एल्कसाठी 85. गंमत अशी की लढाईत याच्या बरोबर उलट. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी फुलणारी गोळी काढली आणि 1899 च्या हेग परिषदेत माणसावर अशी गोळी वापरायला मनाई झाली. पुढे अमेरिकन लष्कराला आपल्या स्नायपरांसाठी टोकाला भोक असलेली मॅचची गोळी हवी होती. 1985 मध्ये त्यांच्या कायदेतज्ज्ञांनी ती मान्य केली, कारण ते भोक घडणीतून येतं, गोळी फुलावी म्हणून नाही. ज्या कारणाने ती तिथे चालते, त्याच कारणाने ती हरणावर चालत नाही.

मॅचच्या गोळीने हरणं पडतात, हे मी नाकारत नाही. बरगड्यांमधून फुप्फुसात गेली तर जागच्या जागी पडतात, आणि तसं पाहिलेले कित्येक लोक शपथेवर सांगतील. दोन-तीन इंच आत जाऊन मग फुटतील अशा पातळ आवरणाच्या गोळ्या लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी मुद्दाम बनवतातही. पण हरीण नेहमी आडवं उभं राहत नाही, मध्ये खांद्याचं हाड येतं, आणि एकदा चाप दाबला की ते ठरवणं आपल्या हातात उरत नाही. बहुतेक वेळा जमतं, एवढ्यावर मी जिवंत जनावरावर गोळी झाडणार नाही. शिवाय फुटलेल्या शिशाचे कण मांसात पसरतात, आणि काकांकडे ते मांस नातवंडं खातात. कॅलिफोर्नियाने तर 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिसंच पूर्ण बंद केलं आहे. गिधाडांच्या जातीचे तिथले काँडोर शिशाने मरत होते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि मला त्याचा आनंद आहे. माझे आजोबा नाशिक जिल्ह्यातल्या पेठकडचे, लहानपणी हाक्याला गेलेले. त्यांच्या गोष्टींत बंदूक कमी आणि जखमी जनावराच्या मागे काढलेल्या रात्री जास्त असायच्या. जनावर तसंच टाकून परत आलेल्या माणसाचं नाव ते गोष्टीतसुद्धा घेत नसत. कोलोरॅडोत त्या दिवशी काकांच्या वाकलेल्या पाठीमागून चालताना मला आजोबाच दिसत होते.

मुलीने हे सगळं ऐकून घेतलं. डबीचं झाकण बंद केलं, मग पुन्हा उघडलं. "दादा, पण ते हरीण सापडलं का?"

सापडलं. संध्याकाळी, उजेड जायला थोडाच वेळ असताना, ओढ्याच्या काठाला बसलेलं. मान वर होती, श्वास जोरात चालला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. काकांनी स्वतःच्या रायफलने एक गोळी मारली आणि ते शांत झालं. नंतर कातडं सोडवताना मी टॉर्च धरली होती. खांद्यावर माझ्या पंजाएवढी जखम, हाडाचा चुरा, त्यात तांब्याचे चमकणारे तुकडे. आणि त्याच्या खाली, दोन बोटांवर, बरगड्या अगदी शाबूत होत्या.

भाच्याने डब्यातली उरलेली काडतुसं खिशातून काढून काकांच्या हातात दिली.