तुम्ही विचारलंत म्हणून : तो जुना डबा अजून का?

दुकानात येणारा प्रत्येक तिसरा माणूस माझ्या जुन्या कॉम्प्युटरकडे पाहून विचारतो, "भाऊ, हा डबा अजून काऊन ठेवला? नवा घ्या ना." फॉर्म भरायला आलेली कॉलेजची पोरं विचारतात, पुण्याहून सुटीला आलेला भाचा विचारतो. इतकी वर्षं हसून टाळलं. आज सांगतोच.

पहिली गोष्ट, मी नव्याचा वैरी नाही. दारव्ह्यात एमएस-सीआयटी शिकवायचो तेव्हा मीच पोरांना सांगायचो की जुन्याला कवटाळणारा धंद्यातून जातो. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, बंद झाला, तेव्हा तर मी आजूबाजूच्या दुकानदारांना घाबरवत फिरलो. त्या मास्तराशी आज माझं पटत नाही. पण तो खोटंही बोलत नव्हता, हीच पंचाईत आहे.

त्या डब्यात एक्सपी आहे, पत्रिका मांडायचं पेजमेकर आहे, आणि मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुने प्रिंटर लागायचे त्या रुंद खाचेला, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे त्याची किल्लीच, लावलेलं आहे. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडत नाही. गावातल्या लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, सगळं त्याच फॉन्टमध्ये, युनिकोडच्या (आता सगळ्या मशीनवर चालते त्या अक्षरपद्धतीच्या) आधीचं.

२०१९ च्या उन्हाळ्यात नवा कॉम्प्युटर घेतला. जुना पोत्यात घालून माळ्यावर टाकला. नव्याला पॅरलल पोर्टच नव्हता. विकणारा म्हणाला, "यूएसबीचं कन्व्हर्टर लावा, चालते." नाही चालत. ते कन्व्हर्टर प्रिंटर ओळखतं, डोंगल नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून बोलला, देव जाणे.

मग एक दिवस अंधार पडल्यावर शेजारच्या गावचा माणूस आला. वडील गेले होते, तेरवीची पत्रिका पाहिजे. म्हणाला, "मायच्या वेळची होती ना, तशीच कर. नावाचा क्रम तोच ठेव, बदलू नको बावा." आईच्या पत्रिकेच्या वेळी 'शोकाकुल'खाली कोणाचं नाव आधी, यावरून भाऊबंदकीत वाजलं होतं. मोठ्या मुश्किलीनं ठरलेला तो क्रम. घरात छापील प्रत उरली नव्हती, फाइल मात्र माझ्याकडे होती. नव्या मशीनवर उघडली, तर आईच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. तो स्क्रीनकडे पाहत राहिला. "हे काय लिहिलं मायच्या नावाजागी?"

मी फॉन्ट समजावायला लागलो. डोकं भादरलेल्या माणसाला काय फॉन्ट समजावता राजेहो!

शेवटी माळ्यावर चढलो. पोतं खाली काढलं. पंख्यात सरकीच्या रुईचा गोळा बसलेला (जिनिंगच्या हंगामात इथे ती सगळ्यांच्याच पंख्यात बसते). चालू केला तर नुसत्या बीप. रॅम काढून खोडरबरनं घासली, परत बसवली. बॅटरी मेलेली, म्हणून तारीख २००२ ची दाखवली आणि एफ-१ दाबा म्हणाला. दाबलं. मधेच लाइन गेली, ती येईपर्यंत दोघंही बाकावर बसून राहिलो. तो एक शब्द बोलला नाही. मग फाइल उघडली. त्यानं सगळी नावं बोट ठेवून वाचली, आणि वडिलांचं नाव खालच्या यादीतून वर, निमंत्रणाच्या ओळीत, 'कैलासवासी' लावून टाकायला सांगितलं. बाकी क्रम तसाच.

त्यानंतर डबा माळ्यावर गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, फाइली युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. केलं की. रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात. आडनावातला रफार हलला तर दुरुस्त कोण करणार, आणि पत्रिका वाटून झाल्यावर शिव्या कोण खाणार? भाचा म्हणतो पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये दिसतं तसंच राहतं, पण माणूस गेला की नावं हलवावी लागतात.

त्या डब्याला मी इंटरनेट लावत नाही, तेव्हा व्हायरसची भीती घालू नका.

फॉर्म भरायच्या मशीनबद्दल मात्र माझं तोंड बंद होतं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली तर पळतो. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चालतं मशीन भंगारात घालायचं, याचा मला राग येतो. पण त्यात पीकविम्याचे फॉर्म भरतो आम्ही, लोकांचे आधार नंबर, बँकेची खाती. माझा डबा जुना ठेवायचा हक्क माझा. त्यांच्या खात्यांवर जुगार खेळायचा हक्क कोणी दिला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. सोयाबीनचे पैसे हातात आले की घेईन म्हणतो, आणि भाव पाहून पुन्हा गप्प बसतो.

आणि डोंगल? ते उद्याही जाऊ शकतं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) फुगायला लागलेत. तेव्हा पॅरलल पोर्टवाला चालू मदरबोर्ड कोणाकडे पडला असेल तर सांगा, रोख देतो. नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन तेवढं आणू नका.