कोकणकडा हे ज्वालामुखीचं तोंड आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पालथं पडून खाली डोकावलं की कुणी ना कुणी हमखास विचारतं, "ताई, हे ज्वालामुखीचं तोंड ना?" कड्याचा तो अर्धगोल बघून तसं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. दगड लाव्हाचा आहे, आकार मात्र पाण्याने दिलाय.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक थर निवायचा, मग त्यावर दुसरा. मध्ये बराच काळ गेला तर वरचा दगड उन्हापावसाने कुजून त्याची लाल माती व्हायची, आणि पुढचा लाव्हा तिला भाजून काढायचा. घाटरस्त्याच्या कापात विटेच्या रंगाचे पट्टे दिसतात ना, ते हेच. असं थरांवर थर चढून दख्खनचं पठार झालं. आजही ते सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलंय.

म्हणजे सह्याद्री हा वर आलेला डोंगरच नव्हे. ती पठाराची कड आहे. जुन्नरहून नाणेघाटात जाऊन बघा, डोंगर चढल्यासारखं वाटतच नाही. सपाटीवरून चालता चालता पायाखालची जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसतं.

लाव्हाच्या पुरानंतर काही दशलक्ष वर्षांत आजची सेशेल्स बेटं भारतापासून तुटून दूर गेली आणि मधे समुद्र आला. नव्या किनाऱ्याकडची जमीन कलली, खचली. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले थर पनवेलच्या आसपास समुद्राकडे झुकलेले दिसतात. मागची कड मात्र उंच राहिली. म्हणून तर महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा 65 किलोमीटरवरचा अरबी समुद्र सोडून 1400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

आता महाबळेश्वरच्या ज्या पंचगंगेच्या देवळात कृष्णेचा उगम मानतात, तिथेच जिचा उगम मानतात ती सावित्री घ्या. ती पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोटच्या खाडीत पोचते. वाट आखूड, उतार जबरदस्त, त्यात घाटमाथ्यावरचा पाऊस. कोकणातल्या अशा नद्या आणि ओढे कडेला खालून कुरतडत आलेत, आणि कड पूर्वेकडे मागे हटत आलीय. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. कोकणात उभं राहून वर बघाल तेव्हा तुमच्या डोक्यावरच्या मोकळ्या आभाळातही एकेकाळी पठारच होतं. पटत नसेल तर रायगड आणि लिंगाणा बघा. मुख्य रांगेपासून सुटलेले, पण अंगावर तसेच आडवे थर. मधला दगड पाण्याने नेला, हे दोघे उरले.

कोकणकड्याचं तंत्रही तेच. लाव्हा निवताना आकसतो, त्याला उभ्या चिरा पडतात. त्यांत पाणी मुरतं. भोकाभोकांचे ठिसूळ थर आधी झिजतात, वरच्या घट्ट कातळाचा आधार जातो आणि तो उभाच्या उभा सुटतो. कड्याच्या दोन्ही अंगांपेक्षा मधे हे जास्त झालं की अर्धगोल तयार होतो.

आणि हे थांबलेलं नाही. ऑक्टोबरात गडावर गेले की कड्याकडे बघताना मी आधी ताजे, उजळ व्रण शोधते. पावसाळ्यात दगड सुटल्याची ती खूण. खाली उतारावर जमलेली माती आणि मुरूम पाण्याने जड होऊन सरकतात तेव्हा काय होतं, ते 2021च्या जुलैत तळियेने आणि 2023च्या जुलैत इर्शाळवाडीने सोसलं. त्यामुळे पायथ्याच्या वाडीत कुणी "वर नवी भेग पडलीय" म्हणालं की मी पुढची चाल सोडून आधी ती भेग बघायला जाते.