एएनए पॉझिटिव्ह, बरं मग?

आज लॅबमध्ये जवळजवळ सगळा वेळ एएनएच्या, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उलटलेल्या अँटीबॉडी शोधणाऱ्या तपासणीच्या, स्लाइड्समध्येच गेला. एका स्लाइडवर सेंट्रोमिअर पॅटर्न इतका स्वच्छ मिळाला की पुढची ट्रे हातात घ्यावीशीच वाटेना. काळ्या पार्श्वभूमीवर केंद्रकात सुटे सुटे हिरवे ठिपके, साधारण गुणसूत्राला एक या हिशेबाने. विभाजन चालू असलेल्या पेशीत तेच ठिपके मधोमध ओळीत उभे! हे दिसलं की डोक्यात मर्यादित स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होत जाणारा आजार) येतोच. थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, एवढं तरी फॉर्मवर हवं होतं. तिथे फक्त 'अंगदुखी'.

माझी खरी कुरकुर हीच आहे. थकवा आला, केस गळले, की 'एकदा एएनए करून टाका'. अहो, १:४० डायल्यूशनला, म्हणजे रक्तद्रव चाळीस पट पातळ करून तपासला तर, धडधाकट माणसांतही सुमारे ३० टक्के पॉझिटिव्ह निघतात. १:१६० लाही ५ टक्क्यांच्या आसपास उरतातच. मग तो कागद हातात घेऊन माणूस रात्रभर मोबाइलवर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, वाचत बसतो. २०१९ च्या ल्युपस वर्गीकरण निकषांत १:८० एएनए ही नुसती प्रवेशाची अट आहे. पुढे १० गुण भरावे लागतात आणि त्यात एक तरी गोष्ट क्लिनिकल, म्हणजे अँटीबॉडीच्या पलीकडची, लागते. नुसत्या अँटीबॉडीवर ल्युपस ठरत नाही.

दुपारी एक डीएसडीएनए (दुहेरी धाग्याच्या डीएनएविरुद्धच्या, ल्युपसमध्ये सापडणाऱ्या अँटीबॉडीची तपासणी) एलायझा या पद्धतीवर काठावर आला, म्हणून खात्रीसाठी क्रिथिडियाची स्लाइड लावली. या एकपेशीय जिवाच्या कायनेटोप्लास्ट नावाच्या छोट्या भागात दुहेरी धाग्याचा डीएनए गच्च भरलेला असतो, त्यामुळे तो ठिपका उजळला तर भरवसा ठेवता येतो. माझ्या स्लाइडवर तो काळाच होता. रिपोर्टमध्ये दोन्ही पद्धतींची नावं आणि दोन्ही निकाल लिहिले. नुसतं 'निगेटिव्ह' लिहून मोकळं व्हायला मन धजेना.

शेवटी एक सॅम्पल 'उपचारांचा फरक बघायला' पुन्हा एएनएसाठी आलेलं. ल्युपसचं निदान जुनंच. एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए आजार शांत झाला तरी बहुधा तसाच राहतो, त्यावरून फरक काय कळणार? डॉक्टरांना फोन करून डीएसडीएनए, सी३, सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) आणि लघवीतलं प्रथिन सुचवलं. त्यांनी लगेच फॉर्म बदलून पाठवला.