एका पोकळीतला माल

डेव्हिल्स हेडच्या उतारावर चालताना बुटाखाली गुलाबी भरड सतत करकरते. कोलोरॅडोतला पाइक्स पीक ग्रॅनाइट सुमारे 108 कोटी वर्षांपूर्वीचा, वरून पार कुजलेला. शिलारस थिजत आला की पाणी आणि फ्लोरीन उरल्यासुरल्या रसात साठतं. त्यातून पेग्मटाइटची, म्हणजे मोठाल्या स्फटिकांच्या खडकाची, शीर बनते, आणि तिच्यातल्या पोकळ्यांत स्फटिकांना वाढायला मोकळी जागा मिळते. पुण्याकडच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, झिओलाइट खनिजं शोधून तयार झालेल्या माझ्या नजरेला हा खडक नवा होता.

क्लेमच्या, म्हणजे खनिजं काढायचा हक्क घेतलेल्या जागेच्या, मालकांनी मला खनिजं ओळखायला बोलावलं होतं. उतारावर स्मोकी क्वार्ट्झचे, म्हणजे धुरकट रंगाच्या स्फटिकाचे, तुकडे विखुरलेले होते. त्यांचा माग काढत वर गेलो आणि तुकडे दिसेनासे झाले तिथे खणायला घेतलं. दुपारी मालकांचा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. पोकळी! तिथून पुढे लोखंड बंद, फक्त बांबूची काडी.

लाल चिखलातून आधी स्मोकी क्वार्ट्झ आला. हातात काळाच वाटणारा, उजेडात धरला की कोऱ्या चहाच्या रंगाचा. क्वार्ट्झमध्ये शिरलेलं थोडं ॲल्युमिनियम आणि ग्रॅनाइटचा स्वतःचा किरणोत्सर्ग, यांनी हा रंग येतो. मग एक गोळा हातात आला तो आकाराच्या मानाने जडच. क्वार्ट्झची घनता 2.65, टोपाझची (पुष्कराजची) 3.5, हा फरक तळहाताला कळतो. अंगठ्याने चिखल पुसला. क्वार्ट्झच्या अंगावर रेघा आडव्या असतात, इथे त्या उभ्या होत्या, आणि बूड आरशासारखं सपाट तुटलेलं. टोपाझच!

मालक तो धुवायला निघाले होते, मी थांबवलं. जमिनीतून थंडगार निघालेला टोपाझ एकदम तापला तर त्याच सपाट पातळीत चिरू शकतो, आणि काहींचा तपकिरी रंग उन्हात उडतो. ओल्या कागदात गुंडाळून सावलीत ठेवला. तेवढ्यात ढग गडगडले. वीज पडायच्या आत डोंगर उतरणं भागच होतं.

माझ्या मते दिवसाची खरी कमाई वेगळीच. टेबलावर साफ करताना एका स्मोकीच्या तुटक्या बुडावर बारीक, चकचकीत नवे पैलू दिसले. पोकळीतच तुटून तो पुन्हा वाढला होता! म्हणजे त्याचा जोडीदार, तुटलेला दुसरा तुकडा, त्याच चिखलात असणार. विकायचं तर सगळं एकत्रच, असं मी मालकांना बजावून ठेवलंय.